दारातली शेगडी

"धुराबिगर च्या म्हंजे नुसतं गरम पाणी," राजाबाई सुनेच्या मानेमागं पुटपुटल्या आणि पुन्हा कप पुढं केला.

सोजरबाईनं गाळणी धरून कप भरला. परड्यात शेणाचा हौद होता, त्यावर लोखंडी टाकी उलटी तरंगत होती आणि तिच्यातून निघालेली नळी स्वयंपाकघरातल्या शेगडीला येऊन भिडली होती. गोबरगॅस आल्यापासून खोकला गेला, डोळ्यांचं गळणं गेलं. धुराच्या जागी सासूबाईंची कुरकुर तेवढी घरात उरली. परवा तर सोजरबाईनं सुईत दोरा स्वतः ओवला आणि ती सुई उगीचच अख्ख्या गल्लीला दाखवून आली.

म्हणूनच आजचा दिवस तिला जड होता. दुष्काळात मैंदर्गीकडची बाभळ सगळी चुलीत गेली होती, घासलेट रांगेत उभं राहूनही मिळत नव्हतं. तेव्हा गोबरगॅसला राज्यभर मदत द्यायची का, हे असे नमुने बघून मुंबईची माणसं ठरवणार होती. टाकी बसवून देणारे सोलापूरचे हरिदास साहेब आधीच बजावून गेले होते, "बाई, पाहुण्यांसमोर गॅस पेटला नाही, तर टाकी उचलून दुसऱ्या गावाला देणार."

जीप आली. हरिदास साहेब उतरले, मुंबईच्या सुती साडीतल्या बाई उतरल्या आणि मागून फोटोवाला. तो स्वयंपाकघरात शिरला आणि मान हलवतच बाहेर आला. भिंती धुरानं इतक्या काळ्या झाल्या होत्या की फोटोत सोजरबाईचे नुसते दात आले असते.

"काही बिघडत नाही," हरिदास साहेब म्हणाले. "नळी लांब आहे. शेगडी दारात मांडा, वर मोठं पातेलं ठेवा आणि पाणी तापवून दाखवा. झालं."

गल्ली दारात जमली होती. ओट्यावर सोजरबाईचे सासरे, म्हातारे महिपती आबा सुपारी कातरत बसले होते. सगळ्यांची नजर तिकडं गेली आणि चटका बसल्यासारखी माघारी आली.

सरपंच बाळासो खाकरले. "दारात नको, सायेब. वारं लई सुटलंय की."

लिंबाचं पानही हलत नव्हतं.

"रेडकू मोकळं हाय," राजाबाईंनी घाईनं जोड दिली. "शेगडी लवंडून टाकील."

दाव्याला बांधलेल्या रेडकानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

"दारात ब्याड री, नको," शेजारची शिवम्मा पदर ओढत म्हणाली. "ऊन लई हाय."

"अहो, पाणीच तर तापवायचंय. ऊन असलेलं बरंच की," साहेब म्हणाले.

"आन् आज आवस हाय," गल्लीतला धोंडिराम मागून बोलला.

"अमावस्या गेल्या आठवड्यात झाली," फोटोवाला म्हणाला.

साहेबांचा आवाज चढला. "पेटवायचं नसेल तर सरळ सांगा. टाकी उद्या उचलतो."

सोजरबाईला मागचं सगळं आठवलं. पुन्हा फुंकणी, पुन्हा ओली लाकडं, पुन्हा सुई घेऊन दुसऱ्याच्या दारात. तिनं पातेलं उचललं. उंबऱ्यापाशी आली आणि पाय तिथंच थांबला. मामंजी समोर बसलेले असताना दारात हे पाणी ठेवायचं, तेही सुनेच्या हातानं! ज्यासाठी ठेवतात, ते तिनं मनातसुद्धा उच्चारलं नाही.

"बाई, काय झालं?" मुंबईच्या बाईंनी जवळ येऊन विचारलं. "गॅस नकोय का तुम्हाला?"

"पायजे की. लई पायजे."

"मग अडतंय कुठं? मला खरं कारण सांगा. ते कळलं तर टाकी इथून हलणार नाही, हा माझा शब्द."

सोजरबाईनं सासूकडं पाहिलं. सासूनं सरपंचांकडं, सरपंचांनी शिवम्माकडं आणि शिवम्मानं रेडकाकडं.

"ती न्हाय सांगायची," ओट्यावरून आवाज आला. आबांनी अडकित्ता मिटला. "चांगल्या वळणाची पोर हाय. बाकीची भित्री हायती. म्या सांगतो, बाई. आमच्यात दारात चूल मांडून पाणी तापवत्यात ते मड्याच्या आंघुळीला. आन् या घरात वयानं पयला नंबर माझा. मागल्या थंडीत म्या जरा डोळं मिटलं, तर या धोंडिरामानं तीन दगड मांडून जाळबी घातला हुता. म्या आतनं समदं बघत हुतो. तवापास्नं समदी मला चुकवून बोलत्यात. मी मरणार हाय, हे मला ठावं हाय की रं. पर आज न्हाय. शेगडी आत ऱ्हाऊ द्या."