भरीव गाडी

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू ठोकून बघायची सवय आहे. सगळा जन्म फरश्या बसवण्यात गेला. फरशी बसली की बोटाच्या पेराने टकटक करायची. आवाज पोकळ आला तर खाली माल कमी पडलाय, उखडायची. भरीव आला तर पुढे सरकायचं. हीच टकटक हे कलिंगडावर करतात, कपाटावर करतात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथल्या भिंतीवरही करतात. इतकी वर्षं मी ते चालवून घेतलं. पण लेकीसाठी जुनी गाडी बघायला निघालो तिथेही टकटक सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं.

लेकीला घरात आम्ही ठकी म्हणतो. ती गुरांची डॉक्टर आहे आणि तिला लांबच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. सोमवारपासून रोज हमरस्त्याने जायचं-यायचं, ट्रकांच्या गर्दीतून. हे कळल्यापासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. भाजी चिरताना उठायचे, मशीनवर शिवताना उठायचे, खिडकीतून रस्त्याकडे बघायचे आणि परत बसायचे. शिवलेली बाही दोनदा उसवली, तरी उलटीच लागली.

आम्हाला एकदा रस्त्याने तडाखा दिलेला आहे. गाडी हे चालवत होते, मी शेजारी. समोरून एक टेम्पो चुकीच्या बाजूने आला. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही, माझा पाय मात्र तेव्हापासून ओढत चालतो. त्यानंतर मी गाडीत पुढच्या सीटवर बसलेले नाही. आणि ह्यांच्या डोक्यात एकच बसलं, की गाडी पोकळ होती. "पत्र्याचा डबा घेतला मी. समोरचं सगळं कागदासारखं चुरगळलं," असं आजही मध्येच बोलून जातात आणि मग जेवत नाहीत.

त्यामुळे लेकीसाठी ह्यांना भरीव गाडी हवी होती. सकाळपासून तीन ठिकाणी गाड्या बघून झाल्या होत्या. हे दारं वाजवायचे, बॉनेट वाजवायचे, "पोकळ," म्हणून पुढे चालू लागायचे. गाड्या भिंतीवर आपटून बघतात आणि सुरक्षेचे तारे देतात, ते निकाल फोनवर काढून ठकी मागे मागे, आणि मी दोघांच्या मागे पाय ओढत. शेवटच्या ठिकाणी एक राखाडी गाडी ठकीच्या मनात भरली. ह्यांनी दोन टिचक्या मारल्या. "पोकळ!" आणि तिच्या पलीकडच्या लाल गाडीपाशी मात्र ह्यांचा चेहरा खुलला.

"ऐक, ऐक. याला म्हणतात काम. दार बघ, दोन दारांमधला हा खांब बघ. कसा भरीव!"

"एका हातची आहे काका," गाडीवाला म्हणाला. "डॉक्टरबाई चालवायच्या, तेही रविवारी."

जगातली प्रत्येक जुनी गाडी कुणीतरी डॉक्टरबाईच रविवारी चालवत असते. मग त्या बायका रोगी कधी तपासतात कोण जाणे.

"बाबा, हिला एअरबॅग दोनच आहेत," ठकी म्हणाली. "हिच्या नावावर दिसतात ते पाच तारे नंतरच्या सालातल्या गाडीचे. तिला सहा होत्या. नाव तेच, गाडी वेगळी."

"तारे आकाशात असतात. हात लाव जरा, हात!"

"हात लावून काय कळणार?"

"तुझ्या आईचा पाय तुझ्या ताऱ्यांनी वाचवला असता का?"

ठकीचे डोळे भरले. माझ्या अंगाची लाही झाली, पण परक्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही म्हणून मी पर्समध्ये हात घातला. टाचण्या गोळा करायचा माझा लोहचुंबक तिथेच असतो. हाताला चाळा हवा म्हणून मी तो लाल गाडीच्या छपरावर टेकवायचे, ओढून काढायचे. टक, टक. मग त्या भरीव खांबावर टेकवला, आणि तो घसरून खाली पडला.

उचलून परत लावला. परत पडला.

"चुंबक जुना झाला असेल, बाई," गाडीवाला घाईघाईने म्हणाला. जुना चुंबक छपराला मात्र गोचिडासारखा चिकटत होता.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खांबावर वरपासून खालपर्यंत पेराने ठोकत आले. वर टणटण, मध्ये बद्द, खाली परत टणटण. बद्द आवाजाच्या जागी हे थांबले.

"पुट्टी," हे म्हणाले. "आतला पत्रा चेपलाय. वरून पुट्टी भरून रंग मारलाय."

"थोडंसं घासलं होतं, काका."

"खांब आहे हा! घराचा खांब मोडला तर त्यावर पुट्टी मारता का तुम्ही?" हे इतके ओरडले की बाहेरचा माणूस वळून बघायला लागला. मग आवाज एकदम उतरला. "आणि मी हीच घेत होतो. पोरीला हिच्यातच बसवत होतो."

हे तिथल्या टायरवर बसले. ठकीने शेजारी उकिडवं बसून फोन पुढे धरला. त्यात त्या राखाडी गाडीसारखीच एक गाडी चाचणीसाठी भिंतीवर आदळत होती.

"बघा, पुढचं सगळं चुरगळलं. ते चुरगळायलाच असतं, बाबा. धक्का ते खातं. आता आत बघा. खांब सरळ आहेत, दार उघडतंय, माणसाच्या जागी बसवलेला बाहुला आहे तिथेच आहे."

ह्यांनी ते परत लावायला सांगितलं. मग परत. "म्हणजे आपली गाडी..." एवढं बोलून थांबले.

मला राहवलं नाही. "आपली गाडी चुरगळली म्हणून आपण आहोत," मी म्हणाले. "लंगडते मी, पण लंगडायला आहे ना! किती वर्षं त्या बिचारीला शिव्या घालताय, आणि स्वतःलाही. पुरे झालं आता."

ह्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि उठून राखाडी गाडीकडे गेले.

ठकीने किल्ली फिरवली. एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझला. तिने मान हलवली, म्हणजे ठीक. मग मी चुंबक घेऊन गाडीभोवती अख्खी फेरी मारली. पत्र्याला सगळीकडे चिकटला. आता चालवून बघायची होती. ह्यांनी नेहमीसारखं माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं.

"तुम्ही बसा मागे," मी म्हणाले, आणि पुढचं दार उघडलं. लेक रोज जिथे बसणार त्याच्या शेजारी मला एकदा बसून बघायचं होतं.

ठकीने गाडी रस्त्यावर घेतली. समोरून एक ट्रक येत होता आणि माझी बोटं सीटच्या कडेत रुतली. मागून माझ्या कानाजवळ, दोन दारांमधल्या खांबावर, हळूच टकटक झाली.

"पोकळ आहे," हे म्हणाले.

"असू दे," मी म्हणाले, आणि छातीवरचा पट्टा घट्ट ओढून घेतला.