दहा मिनिटांचे आकडे

मी एक जुना वायुमापक आहे. खोल समुद्राच्या पाण्यात किती प्राणवायू विरघळला आहे, ते मी सांगतो. म्हणजे सांगत होतो. मित्रांनो, तुम्ही माझे नाव ऐकले नसेल, त्यात तुमचा दोष नाही. हल्ली माझा मुक्काम प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात, तुटक्या पंख्याच्या शेजारी असतो.

माझे थोरले भाऊ कपाटाएवढे होते. त्यांना पाण्यात सोडायला मोठे जहाज, क्रेन आणि दहा माणसे लागत. मला घडवणाऱ्या ताईंनी ठरवले, की हेच काम थर्मासएवढ्या यंत्राकडून करून घ्यायचे, म्हणजे लहानशी होडीही खोल पाण्याची खबर आणू शकेल. सहा वर्षे त्या माझ्यापायी झिजल्या. माझी चार आवरणे पाण्याच्या दाबाने चेपली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पाचवे करायला घेतले. त्यांची आई कुरकुरायची, "पोटच्या पोरीपेक्षा त्या नळकांड्याचेच लाड जास्त चाललेत तुझे!" ताई हसायच्या आणि मला पुसत राहायच्या.

माझ्या तोंडाशी एक पातळ पडदा आहे. त्यातून प्राणवायू झिरपत आत येतो, तेव्हा कुठे मला खरा आकडा कळतो. खालच्या थंडगार पाण्यात त्याला चाळीस मिनिटे लागतात. जहाजावर दोर सांभाळणारे मामा त्यावरून ताईंना चिडवत, "जावईसुद्धा एवढा मान मागत नाही हो!" पण घड्याळ लावून तेही थांबत.

एका सफरीत अचानक वारा उठला. कप्तानाने निरोप धाडला, तासाभरात दोर वर घ्या. मला तर अजून चार टप्प्यांवर थांबत खाली उतरायचे होते.

"दहा-दहा मिनिटं थांबू," ताई म्हणाल्या.

"ताई, त्याला अजून कळलेलंसुद्धा नाही आपण कुठे आलोय ते," मामा म्हणाले.

"कळेल. लिहा तुम्ही."

मामांनी लिहिले. माझ्या पोटात अजून वरच्याच पाण्याचा प्राणवायू होता, तोच मी दाखवत राहिलो. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

खालचे पाणी निरोगी आहे, असा अहवाल गेला. टाळ्या पडल्या. ताईंचा आणि माझा फोटो छापून आला. त्या कौतुकाची मला फार लाज वाटत होती.

वर्षभराने माझ्या एका थोरल्या भावाला घेऊन दुसरे जहाज त्याच जागी गेले. खाली प्राणवायू जवळजवळ नव्हताच. मासे केव्हाच तिथून निघून गेले होते. चौकशी बसली. साहेबांनी विचारले, "चूक कोणाची? यंत्राची की तुमची?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मामा खिडकीबाहेर पाहत राहिले.

"यंत्राची," ताई म्हणाल्या.

त्यांची नोकरी वाचली. पण लहान यंत्रांवरचा सगळ्यांचा विश्वास उडाला. माझ्यामागून तयार होणारी दोन भावंडे अर्धवटच राहिली आणि त्यांचे सुटे भाग दुसरीकडे वापरले गेले. होड्या आजही खालच्या पाण्याची काही खबर नसताना ये-जा करतात.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ताई एकट्याच आल्या. त्यांनी बादलीत बर्फाचे पाणी घेतले, मला त्यात बुडवले आणि स्टुलावर बसून राहिल्या. जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही. पूर्ण चाळीस मिनिटांनी माझा आकडा अगदी बरोबर आला. त्यांनी तो दोनदा पडताळला.

"तू चुकला नव्हतास रे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग मला कोरडे करून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्यांनी परत कपाटात ठेवले. हे त्या बाहेर कोणालातरी सांगतील, अशी आशा मी पुष्कळ दिवस धरून होतो. पण मला न्यायला कोणी आले नाही.

मित्रांनो, मला ताईंचा राग येत नाही, त्यांची आठवण येते. माझी धूळ पुसू नका, पुन्हा फोटोही नको. आमच्यासारख्यांना खरे उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढा द्या. आणि कधी थांबता आले नाही, तर आपण थांबलो नाही, हे आकड्याशेजारी त्याच कागदावर लिहून ठेवा.