पाठीवरचा दुसरा आकडा

मी ऑर्गन बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, आज मी गोड बोलणार नाही. आयुष्यभर गोड वाजलो, त्याचं काय झालं ते पुढं ऐकालच. माझ्यामुळे एका बाईवर आळ आला. तो आळ खोटा आहे हे त्या सबंध इमारतीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हेच माझं तोंड, आणि त्याच तेव्हा चुकीचं बोलत होत्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. माझ्या पोटात नव्वदहून जास्त दातेरी लोखंडी चाकं आहेत, नाण्याएवढी. एक मोटर ती सगळी एकदम फिरवते. चाक जितकं भरभर फिरेल तितका सूर उंच. सैल पडायला तारा नाहीत, फाटायला भाता नाही. त्यामुळे कारखान्यातले कारागीर छातीठोकपणे सांगायचे, "हा जन्मात बेसूर होणार नाही." ते ऐकून मीही फुशारून जायचो. हेच वाक्य पुढं कुणाच्या तरी गळ्याशी येणार आहे, हे मला काय माहीत!

पेटाऱ्यात घालण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवर एक पितळी पाटी ठोकली. तिच्यावर एकाच ओळीत दोन आकडे आहेत : ११५ आणि ६०. पहिला आकडा विजेचा जोर सांगतो. दुसरा सांगतो की ती वीज सेकंदाला किती हेलकावे घेणारी हवी. माझी मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर चालते. साठ मिळाले तर बरोबर चालते, कमी मिळाले तर हळू चालते. एवढंच आहे ते. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

माझे पहिले मालक एका नाट्यगृहात वाजवायचे. त्यांची भाची पाच वर्षांची असल्यापासून माझ्या बाकावर येऊन बसायची. तिला एक अजब देणगी होती. कुठलाही आवाज ऐकला की तो कुठल्या पट्टीतला आहे हे ती न बघता सांगायची. चहाची किटली शिटी मारायला लागली की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "काळी चार!" दाराची बिजागरी करकरली की "पांढरी दोन!" मामा उठून माझ्यावर ती पट्टी दाबून बघायचे आणि दर वेळी हरायचे. त्यांनी तिचं नाव कानवाली ठेवलं. पुढं तिचं खरं नाव घरातही कुणी घेईना.

मामांनी तिला मला वागवायला शिकवलं. पहिला खटका आठ मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा दाबायचा, मगच पहिला सोडायचा. वर्षातून एकदा तेलाचे थेंब, तेही पातळ तेलाचे. "आणि वीज बघून लावायची हं," मामा म्हणायचे. "नुसतं भोक दिसलं की पिन खुपसायची नाही." त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी मला तिच्या हवाली केलं. सोबत आपला नादकाटाही दिला. हा म्हणजे दोन दांड्यांचा पोलादी चिमटा. गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, पांढरी सहा. सूर जुळवणारे लोक त्याच्यावर देवासारखा विश्वास ठेवतात.

कानवालीचं लग्न एका दातांच्या डॉक्टरशी झालं आणि ती दूरच्या देशात निघाली. कपडे कमी घेतले तिनं, पण मला घेतलं. बोटीवर तिला ताप आला, उजवा कान आठवडाभर ठणकत होता. मग तो बरा झाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळ्यांनी ते फार सोयीस्करपणे लक्षात ठेवलं.

नव्या घराच्या जिन्यात मी वळेना. तेव्हा मुलींच्या ज्या शाळेत तिला गाणं शिकवायची नोकरी मिळाली होती, त्या शाळेच्या सभागृहात मला नेऊन ठेवलं. डॉक्टरसाहेब उत्साहात बाजारातून पिन बदलायचं एक चिमुकलं साधन घेऊन आले आणि थेट भिंतीकडे निघाले.

"अहो, थांबा! हात लावू नका!" कानवाली ओरडलीच.

"अगं, पिन बसतेय की व्यवस्थित."

"पिन बसली म्हणून झालं का? इथली वीज दुप्पट जोराची आहे. जळून कोळसा होईल त्याचा. आणि पेटी पेटली तर सभागृहात मुली असतात, अहो."

डॉक्टर हिरमुसले. पण त्या दिवशी तिनं मला वाचवलं. सगळ्यांत काळजीपूर्वक वागलेलं माणूस म्हणजे तीच, आणि सगळं शेकलं तेही तिच्यावरच. म्हणून तर माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा वायरमन आला. एका हातात विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या हातात मीटर. मला भिंतीपासून ओढलं, वाकून पाटी वाचली. "एकशे पंधरा व्होल्ट. हां, बरोबर आणलाय मी."

"आणि पुढं साठ लिहिलंय ते कसलं?" कानवालीनं विचारलं. विचारलं हो तिनं! मी साक्षीदार आहे.

"ते कारखान्याचं असतं काहीतरी, बाई. आपला मतलब व्होल्टशी. हे बघा मीटर, एकशे पंधरा. आता काही जळायचं नाही."

एवढं बोलून त्यानं मला परत भिंतीला टेकवलं. पाटी भिंतीकडे, तोंड लोकांकडे. पहिला आकडा वाचला आणि दुसऱ्याचा कंटाळा केला. एकाच ओळीतले दोन आकडे! डोळे दुखले असते का त्याचे?

काही जळालं नाही, हे खरं. ट्रान्सफॉर्मर बिचारा प्रामाणिक होता, त्यानं जोर निम्मा करून दिला. पण हेलकावे बदलणं त्याच्या हातात नसतं. इथली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. माझी मोटर त्या तालावर चालली, चाकं हळू फिरली आणि माझा प्रत्येक सूर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली घसरला. सगळेच सारखे घसरले, त्यामुळे आपसात जुळलेले राहिले. साध्या कानाला काही कळणार नाही. पण माझ्यापुढं बसली होती कानवाली.

तिनं पांढरी सहा दाबली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पुन्हा दाबली. बोट पांढऱ्या सहावर, आणि ऐकू येतेय काळी तीन. मी ओरडून सांगत होतो, अगं, माझ्या पाठीवर बघ! पण माझं ओरडणं तिला ऐकू गेलं ते काळी तीनमध्येच.

तिनं नादकाटा काढला, आपटला, माझ्याशी ताडून पाहिला. फरक उघड होता. तिनं सूर जुळवणाऱ्या कारागिराला बोलावलं. शहरात त्याचा मोठा दबदबा होता. त्यानं माझ्या सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, एकमेकींशी जुळतात हे पाहिलं आणि हसला. "बाई, हे चाकांचं वाद्य. हे जन्मात बेसूर होत नाही."

"मग नादकाटा?"

"पडला असेल प्रवासात. वाकला असेल."

पोलादाचा काटा वाकला म्हणे! सरळसोट होता तो. पण दबदबा असलेल्या माणसानं सांगितलं की पोलादही वाकतं. एका बाजूला मीटर, एका बाजूला कारागीर, आणि मध्ये ही एकटी बाई, म्हणतेय की सूर खाली आहे.

"अगं, बोटीवर तुझा कान दुखत होता ना?" डॉक्टर म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघायची सवय, बायकोच्या तोंडचं ऐकायची नाही. मनानं वाईट नव्हते, हेही सांगतो. पण त्या एका वाक्यानं त्यांनी जी पाचर मारली ती निघाली नाही.

वर्गात ती मुलींना माझ्याशिवाय शिकवू लागली. सूर स्वतःच्या मनातून द्यायची, आणि मुली काय गायच्या! मग वार्षिक समारंभ आला. पाहुणे येणार म्हणून मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, हटून बसल्या. "इतक्या लांबून आणलेलं वाद्य काय शोभेला ठेवायचं? तुम्ही वाजवणारच आहात."

ऐन कार्यक्रमात कानवालीनं एक धाडस केलं. मुलींना सवयीची पट्टी मिळावी म्हणून तिनं सबंध गाणं माझ्यावर तीन पट्ट्या वर सरकवून वाजवायला घेतलं. तुम्ही कधी वाजवलं नसेल तर तुम्हाला याची कल्पना येणार नाही. वीस वर्षं बोटं ज्या वाटेनं गेली ती वाट सोडायची, आणि तीही दोनशे माणसांसमोर. पहिलं कडवं तिनं निभावलं. दुसऱ्यात बोटं जुन्या सवयीनं आपल्या जागी पडली, सूर धाडकन खाली आला, मुलींचे आवाज तळाला जाऊन गडप झाले. पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. मोठ्या बाईंनी पडदा पाडायची खूण केली.

मग कानाच्या डॉक्टरनं तिला तपासलं. उजव्या कानाला थोडं कमी ऐकू येतं, म्हणाला. अशानं सूर वर-खाली वाटू शकतात. झालं, शिक्कामोर्तब! तिनं राजीनामा दिला. निघायच्या दिवशी सभागृहात एकटी आली. मला वाटलं वाजवेल. तिनं फक्त माझ्या बाकाचं झाकण उचललं आणि नादकाटा आत ठेवून दिला. तेवढ्यात बाजूच्या खोलीत शिपाईण चहा करत होती, तिची किटली शिटी मारायला लागली. कानवालीनं सवयीनं तोंड उघडलं, आणि मग मिटून घेतलं.

काळी चार होती ती! बरोबर काळी चार! पण ती दार लोटून निघून गेली.

पुढची चौदा वर्षं मी सतरंज्यांच्या ढिगामागे उभा होतो. कुणी तेलाचा थेंब घातला नाही. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, एका उन्हाळ्यात फुटबॉलची जाळी वाळत घातली. शेवटी शाळेनं मला एका फर्निचरवाल्याला देऊन टाकलं. त्याला माझं लाकूड आवडलं. आतलं सगळं काढून बशा मांडायचं कपाट करायचं त्याच्या मनात होतं. आतलं काढायला त्यानं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांना बोलावलं.

काकांनी मला भिंतीपासून ओढलं. फडक्यानं पाठ पुसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाटी वाचली. पूर्ण वाचली. दोन्ही आकडे.

"साठ?" ते म्हणाले. मग फर्निचरवाल्याला विचारलं, "हा इथं कशावर वाजवायचे?"

"ट्रान्सफॉर्मर होता म्हणे एक."

"अहो, त्यानं काय होतंय? हा तीन पट्ट्या खाली वाजत असणार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

चौदा वर्षं! आणि या माणसाला मला भिंतीपासून ओढून पाटी वाचायला दोन मिनिटं लागली. मला आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता संताप झाला.

काकांनी मला मोडलं नाही. आपल्या दुकानात नेलं, तेल घातलं, आणि विजेचे हेलकावे साठ करून देणारं एक यंत्र जोडलं. बाकाच्या पोटात त्यांना नादकाटा सापडला. गुडघ्यावर आपटून त्यांनी तो माझ्याजवळ धरला आणि पांढरी सहा दाबली. काटा आणि मी, दोघं एकच बोललो. काटा वाकलेला नव्हताच कधी.

त्यांनी शाळेत फोन लावला. कुणीतरी कारकून होता पलीकडे. "कोण? त्या कान गेलेल्या बाई होय? त्या केव्हाच गाव सोडून गेल्या. पत्ता नाही आमच्याकडे."

कान गेलेल्या! चौदा वर्षांनीसुद्धा, तिला कधी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी तेच नाव. काकांनी फोन ठेवला आणि काटा पुसून परत बाकाच्या पोटात ठेवला.

आता मी त्यांच्या दुकानात उभा आहे. ठणठणीत आहे, सुरात आहे, आणि रोज चिडतो. तुमच्या घरात बाहेरदेशाहून आलेलं एखादं वाद्य असेल तर ते आत्ता भिंतीपासून ओढा आणि त्याची पाटी वाचा. जोराचा आकडा जुळला नाही तर ते जळेल, कदाचित तुमचं घरही जळेल. आणि पुढचा आकडा सोडून दिलात तर काय जळतं, ते मी आत्ताच सांगितलं. वायरमन कितीही घाईत असू दे. बाईमाणूस विचारत असेल की पुढं काय लिहिलंय, तर तिला उत्तर द्या.

आणखी एक काम आहे. तुमच्या शेजारात, नात्यात, कुठल्याही गावात अशी एक बाई असेल. आता वयस्कर झाली असेल. किटलीनं शिटी मारली की ती काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि गप्प बसते. तिला कानवाली म्हणून हाक मारा, म्हणजे ती वळून बघेल. तिला सांगा, मामांचा काटा सरळ आहे. सांगा, ऑर्गन खाली वाजत होता, तू बरोबर ऐकत होतीस, पहिल्या दिवसापासून. आणि मग किटली चुलीवर ठेवा, आणि ती काय म्हणते ते ऐका.