दसऱ्याला अँटेनांना घातलेले हार

चिखलीतल्या शेडमध्ये दसऱ्याला लेथ मशीनला हार घालतात. घालू देत, लेथचं काय बिघडतंय? पण आमचे मालक कुलदीपशेठ! बापाची जमीन विकून कंपनी काढली, की अक्कलही खरेदीखतावर नावावर होते, असं या माणसाला वाटतं.

दिघीत एका गच्चीवर आमच्या अँटेना आहेत. त्या उपग्रहांचे सिग्नल तपासतात आणि उतरणाऱ्या विमानाला सतत कळवतात, की यावर भरवसा ठेवा किंवा ठेवू नका. त्या दिवशी चाचणीचं विमान येणार होतं. ढग इतके खाली होते की शेजारची पाण्याची टाकी दिसेना. विमानात आमच्याच कंपनीतला सुजित बसलेला. आणि शेठनी नेमकी तेव्हाच गच्चीवर यंत्राची पूजा मांडली, पाहुणे गोळा केले. सुजितची बायको निशिगंधाही नवी साडी नेसून आली होती.

गच्चीवरच्या केबिनमध्ये माझ्यासमोरचं यंत्र अचानक कोकलायला लागलं. मी बाहेर डोकावले, तर काय! एकूण एक अँटेनाला चंदेरी धातूच्या चमकीच्या माळा गुंडाळलेल्या.

"शेठ, या माळांनी सिग्नल बिघडलाय. काढा आधी!"

"विजयश्री मॅडम, पूजेचे हार आहेत ते. आरतीआधी हात लावायचा न्हाई. आणि सणासुदीला हे केकाटणं कसलं? अपशकुन साला!"

असं म्हणत त्यांनी केबिनमध्ये शिरून स्वतःच इशारा बंद केला, विमानाला जाणारासुद्धा. मालक म्हणून वेगळा पासवर्ड हवा, हा हट्ट त्यांनी धरला होता. तो बरोब्बर आज कामी आला. आता यंत्र विमानाला चक्क खोटं सांगत होतं, की सगळं ठीक आहे.

"अहो, सुजित आहे विमानात!"

"असू दे की. पायलट काय आंधळा हाय?"

त्या ढगांत होताच तो आंधळा. पण शेठ ताम्हन घेऊन आरतीला पळाले. माळा सोडवायला वेळ नव्हता. मी मेन स्विच खाली ओढला. यंत्र मेलं. खोटं ऐकण्यापेक्षा विमानाला काहीच ऐकू न आलेलं बरं, निदान पायलट वर तरी जाईल.

आरती रंगात आली होती आणि डोक्यावर ढगातून विमानाचं पोट बाहेर आलं. धावपट्टी तिकडे, आणि हे शेजारच्या टाकीवर! इंजिनं गरजली, विमानाने नाक वर केलं आणि ते पुन्हा ढगात गेलं.

शेठनी माईक ओढला. "बघा मंडळी! विमानानं आपल्या मशीनला सलामी दिली!"

गच्चीभर टाळ्या. मूर्खांचा बाजार नुसता! सगळ्यांत जोरात निशिगंधा टाळ्या वाजवत होती.

"ताई, यातच होते ना हो आमचे?" तिने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. आणि मी जवळच्या अँटेनावरची माळ सोडवायला लागले. आपण टाळ्या कशाला वाजवल्या, ते तिला संध्याकाळी सुजितच सांगेल.