अम्मारच्या जागी कोण?

मस्कतमध्ये जून लागला की व्हॅलेंटाईन डाबरेच्या मागे दोन कामं लागत. एक, लोकांचे एसी दुरुस्त करणं. दुसरं, मर्सा क्लबची बास्केटबॉल टीम मोडून नव्याने उभी करणं. दुसरं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वसईच्या शाळेत तो स्वतः खेळायचा. उंचीने दगा दिला, पण खेळ डोक्यातून गेला नाही. मस्कतला आल्यापासून मर्साची एकही मॅच त्याने चुकवली नव्हती. यंदा ही टीम लीगमध्ये शेवटून पहिली आली, आणि व्हॅलेंटाईनला रुवीच्या चर्चमध्येही शांतता लाभेना.

"प्रार्थनेत तरी डोळे मिटावेत," बाहेर पडताना त्याची बायको मेलनी म्हणाली. "बोटांवर काय मोजत होतास?"

"सेंटर शोधत होतो."

"देवाच्या दारात?"

"मग आणखी कुठे मिळणार? सात फुटी माणूस पाहिजे."

योजना त्याची पक्की होती. प्रत्येक बॉल स्वतःच मारणारा परदेशी गार्ड पहिला घालवायचा. इब्राच्या एका शाळेत एसी बसवताना त्याने दोन उंच पोरं खेळताना पाहिली होती, ती आणायची. आणि कॅप्टन अम्मारला मानाने निरोप देऊन त्याच्या जागी बाहेरून सात फुटी सेंटर आणायचा. अम्मार म्हणजे मर्साचा जीव. पण छत्तिशी उलटली होती, आणि गुडघा कामातून गेला होता.

ही योजना सर्वांत जास्त वेळा ऐकली होती ती रमणने. रमण कणकवलीचा, कंपनीची व्हॅन चालवायचा आणि शिडी धरायचा. त्या सोमवारी अल खूदमधल्या एका घरी दोघे एसी बघायला गेले, तेव्हाही शिडीवर चढल्या चढल्या व्हॅलेंटाईन सुरू झाला.

"अम्मारचा गुडघा बघितलास ना? अम्मार आता खाली बसला तर उठायला क्रेन लागेल. अम्मारला घरी पाठवल्याशिवाय—"

"मेल्या, आधी एसी बघ. तुका कोण इचारता?" रमण म्हणाला.

घराची मालकीण, हाफिजा नावाची साठीची बाई, दारात उभी होती. मराठी तिला कळण्याचं कारण नव्हतं, पण एक शब्द वारंवार येत होता. तिने रमणला मोडक्या हिंदीत विचारलं, "हा अम्मारबद्दल काय बोलतोय?"

रमण सरळ माणूस. त्याने जसंच्या तसं सांगून टाकलं, "म्हणतो, अम्मारला घरी पाठवा."

"घरीच आहे," हाफिजा म्हणाली. "आत झोपलाय."

व्हॅलेंटाईनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली गालिच्यावर पडला. मग त्याला समोरच्या भिंतीवरचा फोटो दिसला. मर्साच्या निळ्या जर्सीतला अम्मार, हातात कप, शेजारी हीच बाई.

"मामा, माफ करा. मी गंमतीने..." घरच्या मोठ्या बाईला इथे आईसारखं मामा म्हणत.

"खाली उतर, मोहंदिस." एसीवाल्यालाही ती इंजिनिअरच म्हणत होती.

तो उतरला. आता कंपनीत तक्रार जाणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. पण हाफिजाने दोघांना बसवलं, पुढे खजुराचं ताट सरकवलं आणि कहवा ओतला.

"तीन वर्षं मी हेच सांगतेय," ती आवाज खाली आणून म्हणाली. "रात्री गुडघ्याला बर्फ लावून बसतो. आईचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू त्याचा फॅन आहेस ना?"

"मामा, मी कसा सांगणार!"

तिने वाट पाहिलीच नाही. "अम्मार!" अशी हाक गेली आणि आतून, दाराच्या चौकटीखाली मान वाकवत, अम्मार आला. इतकी वर्षं गॅलरीतून पाहिलेला माणूस चार हातांवर उभा. डावा पाय किंचित ओढत होता.

"हा तुझ्याशी बोलणार आहे," आई म्हणाली. "सांग रे."

व्हॅलेंटाईनने वर एसीकडे बघितलं. "कॅप्टन... एसीत गॅस कमी आहे."

रमणला ठसका लागला. हाफिजाने कपाळाला हात लावला. अम्मार हसत खाली बसला आणि चांगल्या हिंदीत म्हणाला, "टीमबद्दल बोलत होतास ना? आतपर्यंत ऐकू येत होतं. शब्द कळले नाहीत, पण राग कळला."

त्याच्या हसण्याने व्हॅलेंटाईनला जरा धीर आला. त्याने ताटात खजूर मांडायला घेतले. एक लांबट खजूर उचलून ताटाबाहेर ठेवला. "हा गार्ड. याला निरोप."

"मंजूर," अम्मार म्हणाला. "पास मागून मागून माझा घसा बसला."

"ही दोन पोरं इब्राची. उड्या बघा त्यांच्या, कॅप्टन! इथे पळतील, इथून कापतील..." खजूर ताटभर धावू लागले. अम्मार पुढे वाकला, एक खजूर त्याने स्वतः सरकवला. दोघांचा वादही झाला, आणि एसीचा सगळ्यांना विसर पडला.

शेवटी एकच खजूर व्हॅलेंटाईनच्या हातात उरला. तो त्याला कुठेच ठेवता येईना.

"हा मी ना?" अम्मारने विचारलं.

"कॅप्टन, शेवटच्या मॅचला तुम्ही धावत नव्हता. स्वतःला ओढत होता. मी मान खाली घातली. मला बघवेना."

अम्मारने त्याच्या हातातून खजूर घेतला आणि तोंडात टाकला.

"क्लबने गेल्या आठवड्यात विचारलं होतं, सहायक कोच होतोस का. मी उत्तर दिलं नव्हतं." बी त्याने बशीत ठेवली. "खलास. आता देतो."

आता आई खूश होईल असं व्हॅलेंटाईनला वाटलं. पण हाफिजा डोळ्यांना शेला लावून त्याच्यावरच कडाडली, "इतकं तोंडावर बोलतात का माणसाला?"

ऑगस्टमध्ये अम्मार खेळ सोडून सहायक कोच झाल्याची बातमी छापून आली. रमणने ती व्हॅनमध्ये मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "तुयाच काढलंस त्येका." व्हॅलेंटाईन दिवसभर जेवला नाही. पण शुक्रवारी अम्मारचाच फोन आला. "इब्राला जाऊ. पोरं दाखव तुझी."

पोरांपैकी एक मलेशियाला शिकायला गेला होता. दुसरा सापडला, पण तो आता व्हॉलीबॉल खेळत होता. अम्मारने दोन तास त्याच्या बापाशी गप्पा मारून त्याला परत वळवला. सात फुटी सेंटरही क्लबने आणला. उंची तर अशी की व्हॅलेंटाईनने विमानतळावर जाऊन त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

पहिल्याच मॅचमध्ये कळलं की त्या माणसाच्या हातात बॉल ठरत नाही. साबणासारखा सुटतो. बास्केटवरून उसळलेला बॉल तिसऱ्यांदा निसटला तेव्हा व्हॅलेंटाईन खुर्चीवर उभा राहून ओरडला, "अम्मारला आणा! अम्मार!"

दोन रांगा पुढे बसलेली हाफिजा वळली. "कोण ओरडतोय? ज्याने काढला तोच?"

"चुकलो, मामा!"

आजूबाजूचे हसले. कोर्टच्या कडेला अम्मार फळ्यावर काहीतरी काढून इब्राच्या पोराला समजावत होता. पोराने पुढच्याच चालीत सेंटरच्या हातातून सुटलेला बॉल हवेत झेलला आणि बास्केटमध्ये टाकला. मर्सा ती मॅच सहा पॉइंटने हरली. गेल्या वर्षी याच टीमशी तीस पॉइंटने हरली होती, त्यामुळे लोक हसतमुखाने उठले.

व्हॅलेंटाईन मात्र हळूच सटकायच्या बेतात होता. हाफिजाने बोट दाखवून त्याला बोलावलं आणि शेजारची खुर्ची रिकामी करवली.

"इतकी वर्षं मी येत होते," ती म्हणाली, "पण मी फक्त त्याचा गुडघा बघायचे. बॉल कुठे जातो हे आज पहिल्यांदा बघितलं." तिने थर्मासमधून त्याला कहवा ओतला आणि मैदानाकडे हनुवटी केली. "तो पिवळ्या बुटांचा आहे ना, उजवीकडून एकदाही आत शिरला नाही. का? घाबरतो? मला वाटतं त्याला बसवावं आणि त्या बुटक्याला घ्यावं. बस ना, उभा काय राहतोस? यल्ला, चल, सांग."