हरलेल्याने खरं सांगायचं

फासा टाकायची आज्ञा त्याने पुन्हा चुकीची लिहिली. आधी मध्ये जागा सोडायची राहिली होती, आता सोडली ती नको तिथे. पडद्यावर लाल अक्षरांत तेच उत्तर आलं: समजलं नाही. चार-पाच अनोळखी माणसं आपापल्या घरी बसून त्याची वाट बघत होती. ती कंटाळली आहेत हेही त्याला दिसत होतं, कारण त्यांतल्या एकाने जांभई देणारं पिवळं तोंड पाठवलं होतं.

"सावकाश, मामा," 'खडू' या नावाने कुणी लिहिलं. "वरच्या चौकटीतली ओळ आहे तशी उचला आणि खाली ठेवा."

त्याने ती उचलली, खाली ठेवली. वीस बाजूंचा फासा पडद्यावर गरगर फिरला आणि चारवर थांबला. चार म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. समोरच्या तीन अंड्यांपैकी सगळ्यात लहान अंडं फुटलं. खेळ चालवणाऱ्याला तिथे पंच म्हणत. त्या पंचाने लिहिलं की आतून उंदराएवढा एक जीव बाहेर आला आहे, त्याला पतंगासारखे भुरे पंख आहेत आणि पंख झटकले की धूळ उडते, याखेरीज त्याला काही येत नाही. नाव भुरभुऱ्या. आता हा तुमचा. त्याचं वर्णन करा.

तो बराच वेळ बोटं उचलून बसला. शाळा सुटल्यानंतर त्याने असं काही लिहिलं नव्हतं. शेवटी त्याला जे सुचलं ते त्याने लिहिलं: "पुढचे दात दोन. खालचे अजून आलेले नाहीत. दाढांची जागा आहे. चावा सरळ बसतो."

 मग जांभई देणाऱ्याने विचारलं की त्याच्याकडच्या दलदलीतल्या कोल्ह्याचे दात कसे असतील, तेही मामा सांगतील का.

दात हे त्याचं काम होतं. एका दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. डॉक्टर भिंतीतल्या खिडकीतून तोंडाचे ठसे आत सरकवत, तो त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, घासून चकचकीत करायचा आणि त्याच खिडकीतून कवळी परत द्यायचा. माणसांची तोंडं त्याच्याकडे यायची, माणसं यायची नाहीत. एखाद्याच्या टाळूवरची प्रत्येक वळी त्याला पाठ असे आणि तोच माणूस रस्त्यात धक्का मारून गेला तरी ओळखू येत नसे. घासायच्या यंत्राचा आवाज असा, की दिवसभर कुणाशी बोललो नाही हे संध्याकाळी यंत्र बंद केल्यावरच लक्षात यायचं.

पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. घरी ताई असायची. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसंही हळूहळू वारली. ताई पोस्टात होती. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना तिची लांबच्या शहरात बदली झाली, आणि तिथल्या पोस्टमास्तरांची बायको जाऊन तेव्हा काही काळ लोटला होता. ताईने फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढ्या हळू बोलत होती, की आधी त्याला वाटलं तिची तब्येत बिघडली आहे.

लग्न नोंदणीचं झालं. नंतरच्या जेवणात त्याला पोस्टमास्तरांच्या मुलीशेजारी बसवलं होतं. ती शिकून घरूनच कसलंसं काम करायची. दोघांनाही बोलायला काही नव्हतं आणि पानं वाढायला उशीर होत होता. ती मांडीवर फोन धरून काहीतरी लिहीत होती. त्याने विचारायचं म्हणून विचारलं. तिने सांगायचं म्हणून सांगितलं: एक रान आहे, त्यात जीव शोधायचे, पाळायचे, एकमेकांशी लढवायचे, सगळं लिहून, चित्रं नाहीत. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने त्याचा फोन मागून घेतला आणि त्याचंही नाव नोंदवून टाकलं. नावाच्या जागी तिने 'मामा' लिहिलं. ताईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याला आजवर कुणी मामा म्हटलं नव्हतं. परतीच्या प्रवासात त्याने ते नाव दोन-तीनदा उघडून पाहिलं.

खडू म्हणजे तीच.

त्यानंतर कामावरून आला की तो हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसू लागला. रान मोठं होतं. पंच एखादी जागा सांगे, पडकी विहीर, खारट ओढा, बोलका उतार, आणि तिथे कुठला जीव हलतोय ते सांगे. फाशावर मोठा आकडा पडला तर तो जीव मागे यायचा. त्याच्या मागे एकही आला नाही. त्याचा फासा जणू लहान आकड्यांसाठीच घडवला होता. पण सगळे त्याला मामा म्हणत आणि नवीन जीव मिळाला की दात तपासायला घेऊन येत. तो तपासून देई. कुणाला पोकळ सुळे, कुणाला दुधाचे, कुणाला हसताना फक्त वरची हिरडी दिसणारी. असं लिहिताना तो स्वतःशीच हसायचा, आणि हसू ऐकणारं कुणी नाही हे ध्यानात आलं की घसा खाकरायचा.

ताईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ती आज काय केलं, काय फसलं, पोस्टमास्तरांना तिखट कसं चालत नाही ते सांगायची. मुलीचं विचारलं की मात्र आवाज खाली यायचा.

"समोरून जाते, पण बोलत नाही रे. चूक तिची नाही. मीच कुठे उभं राहायचं ते मला कळत नाही."

तो नुसतं हूं म्हणायचा. 

खेळात खडूची गोष्ट होती घर सोडून निघालेल्या एका मुलीची. तिच्याबरोबर कातळ्या नावाचा दगडी पाठीचा बेडूक असे. ती कुठे चालली आहे हे ती लिहीत नसे, का निघाली हेही नाही. पण एका संध्याकाळी खारट ओढ्याकाठी शेकोटी पेटवून सगळे बसले असताना तिने लिहिलं:

"आमच्या घरात एक बाई आली आहे. आता घरातल्या प्रत्येक गोष्टीवर झाकण असतं. पाण्यावर, दुधावर, अर्ध्या कापलेल्या लिंबावरसुद्धा. आईच्या वेळी घर उघडं असायचं. आल्याबरोबर कळायचं, आज काय शिजलंय ते."

त्याने ते वाचलं आणि फोन उपडा ठेवला. लिंबावरची वाटी त्याच्या पुरेपूर ओळखीची होती. ती वाटी उचलून तो कित्येकदा ताईवर चिडलाही होता. पण आता दुसऱ्या कुणी तेच म्हटल्यावर कुणी तोंडात मारावी तसं झालं. उत्तर त्याच्या बोटांपर्यंत आलं होतं, चांगलं सणसणीत. मग त्याला वाटलं, तिने हे मला उद्देशून लिहिलेलं नाही. किंवा लिहिलेलं आहे. तो दोन्ही शक्यतांचा विचार करत असताना शेकोटीपाशी बाकीचे बोलून उठून गेले. उरले ते दोघेच.

"मामा, तुम्ही अजून एकदाही लढला नाहीत," खडूने लिहिलं. "या."

लढाईची पद्धत सोपी होती. आपला जीव काय करतो ते दोघांनी लिहायचं, मग दोघांनी फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याचं लिहिलेलं खरं झालं असं धरायचं. दुसऱ्याचं त्याच्या मनात राहायचं. शेवटी जिंकणाऱ्याने हरलेल्याला एक प्रश्न विचारायचा, खेळाबाहेरचा, आणि हरलेल्याने खरं सांगायचं. लोक बहुधा आवडता रंग विचारत आणि मोकळे होत.

त्याने लिहिलं की भुरभुऱ्या कातळ्याच्या डोळ्यांत धूळ उडवतो. तिने लिहिलं की कातळ्या पाठ फिरवून बसतो आणि धूळ दगडावर पडते. तिला सतरा पडले, त्याला सहा. भुरभुऱ्या दमून झोपी गेला.

मग तिचा प्रश्न आला.

"त्या तुमच्या घरी कशा होत्या?"

तिने त्या म्हटलं होतं. बाई नाही, त्या. आधी त्याने लिहिलं की ताई मनाने फार चांगली आहे. वाचलं तर ते शोकसभेतल्या भाषणासारखं वाटलं, म्हणून खोडलं. प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, तेही खोडलं. मग त्याने, एकदा प्लास्टर कालवलं की थांबता येत नाही तसं, न थांबता लिहिलं:

"आमची आई गेली तेव्हा ताई शाळेत होती. स्वयंपाक तिच्यावर आला. एकदा दुधात पाल पडली. तिला कळलं नाही, मी ते दूध प्यायलो. मला काही विशेष झालं नाही, दोन दिवस ओकलो. पण वडील तिला नको ते बोलले. त्या दिवसापासून झाकणं. मी मोठा झालो तरी गेली नाहीत. मला त्यांचा राग यायचा. आता माझ्याकडे सगळं उघडं असतं आणि मला तेही आवडत नाही."

पाठवल्यावर खडू दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. दवाखान्यात त्याने एका म्हाताऱ्या बाईंची कवळी इतकी घासली, की डॉक्टर खिडकीतून म्हणाले, पुरे, त्यांना जेवायचंय, आरशात बघायचं नाहीये.

मग ताईचा फोन आला. आवाजात काहीतरी सावध होतं, हातात भरलेलं भांडं असल्यासारखं.

"आज दूध तापवलं आणि मी बेल वाजली म्हणून बाहेर गेले. परत आले तर वर ताटली. तिनेच ठेवली होती. बोलली काही नाही." ताई थांबली. "तू तिला काही सांगितलंस का?"

"आम्ही नुसतं खेळतो," तो म्हणाला.

खडू पुन्हा रानात दिसू लागली. ती त्याच्याशी लढायची, जिंकायची आणि विचारायची. ताईला कुठलं फूल आवडतं हे तिने कधी विचारलं नाही. ताई घाबरली की काय करते, विचारलं. ती गाते का, आणि गाते तर इतकं बेसूर का, हे विचारलं. तिला रागावलेलं बघायचं असेल तर काय करावं, तेही विचारलं. तो खरं सांगायचा. सांगता सांगता त्याला ताईच्या अशा गोष्टी आठवत, ज्या ती घरात असताना त्याने नीट पाहिल्याही नव्हत्या.

तिकडे ताईचे फोन बदलत गेले. आधी रोजचे होते ते एक दिवसाआड झाले. बोलता बोलता मागून कुणी हाक मारायचं आणि ती म्हणायची, थांब हं, आणि मग म्हणायची, उद्या करते. एकदा तिच्या मागे मुलीचं हसणं ऐकू आलं. त्याला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. फोन ठेवल्यावर तो उगाच जिन्यापर्यंत जाऊन, दारं तपासून परत आला. मग एक पूर्ण आठवडा फोनच आला नाही. करावा असं त्याच्या मनात यायचं. पण सुखात असलेल्या माणसाला फोन करून काय सांगायचं, हे त्याला ठरवता येत नसे.

अशाच एका संध्याकाळी भुरभुऱ्या जिंकला. त्याने काही वेगळं लिहिलं नव्हतं, तीच धूळ, तेच पंख. पण फासा फिरला आणि एकोणिसावर थांबला. खडूला नऊ पडले. कातळ्या धुळीत शिंकून शिंकून झोपला. जांभई देणाऱ्याने टाळ्या पाठवल्या, पंचाने अभिनंदन केलं.

"विचारा, मामा," खडूने लिहिलं.

इतके दिवस हरताना त्याने मनात बरेच प्रश्न जमवले होते. तुझी आई कशी होती, हा त्यांतला पहिला. पण आता विचारायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातून दुसराच लिहिला गेला.

"आज घरी जेवायला काय केलंय?"



"काही नाही," तिने लिहिलं. "ते दोघं बाहेर गेलेत, जेवूनच येतील. मला चल म्हणत होते. मी नको म्हटलं. एकटीसाठी करायचा कंटाळा येतो."

त्याने ते वाचलं. खिडकीबाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. समोरच्या इमारतीत कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. त्याला पुढे विचारायचं होतं, पण एका विजयाला एकच प्रश्न. त्याने भुरभुऱ्याला पुन्हा पंख झटकायला लावले आणि फासा टाकला. तीन पडले. पलीकडे चौदा.

"तुम्ही काय केलंय?" तिने विचारलं.

नियम नियमच होता. तो उठून स्वयंपाकघरात गेला, दिवा लावला. ओट्यावर सकाळचा कप होता, तेवढाच. त्याने फ्रिज उघडला आणि काही वेळ आत बघत उभा राहिला. मग तिथेच उभ्या उभ्या, फ्रिजचं दार पाठीने अडवून त्याने लिहिलं:

"अजून काही नाही. अंडी आहेत. कांदा आहे. तुझ्याकडे अंडी आहेत का?"

"मामा, हरलेल्याला प्रश्न विचारता येत नाही."

त्याने फोन ओट्यावर ठेवला. कांदा काढला, सुरी शोधली. पडद्यावरचा उजेड मंद होत गेला, आणि अगदी विझायच्या आधी खाली आणखी एक शब्द आला.

"आहेत."