रुंद गादी

मी गाद्या विकतो. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याला आडवं करतो, मग भाव सांगतो. नवराबायको असले तर माझं वाक्य ठरलेलं: "रुंदीत कंजुषी नको साहेब, संसार रुंदीवर टिकतो." या वाक्यावर मी निम्मं गाव झोपवलंय. स्वतः मात्र कित्येक महिने टक्क जागा होतो.

कारण आमचे मालक. "धंदा बसलाय, तुम्हा दोघांपैकी एकालाच ठेवेन," एवढं मला आणि दुसऱ्या विक्रेत्याला सांगून ते जेवायला निघून गेले. माझी झोप तेव्हाच उडाली, आणि तिच्या मागोमाग आणखी एक गोष्ट गेली, जी चारचौघांत सांगत नाहीत. बायको जवळ आली की माझ्या डोळ्यांपुढे मालक उभे. त्यांच्यासमोर कुणाचं काय होणार? एकदा "दमलोय" म्हणालो, एकदा "पाठ धरलीय" म्हणालो. पुढे पुढे तर तिनं नुसती कूस बदलली तरी मला घाम फुटायचा.

नाचता येईना, अंगण वाकडं. दोष गादीचाच, असं मी ठरवून टाकलं. दुकानातली शोची गादी सवलतीत घरी आणली, आधीपेक्षा रुंद. उपयोग शून्य. मग तिच्याहून रुंद आणली. शेवटची एवढी रुंद निघाली की कपाटाचं दार अर्धंच उघडायचं आणि शर्ट आत हात घालून चाचपून काढावा लागायचा. बायको पार कडेला सरकून, भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. म्हटलं, चला, हिला तरी गादी मानवली!

शेवटी लाज गुंडाळून दवाखाना गाठला. डॉक्टर नेमक्या बाई निघाल्या.

"झोप कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"स्प्रिंगवर, वरून फोम."

"गादी नाही हो विचारत. झोप लागते का?"

तेव्हा मालकांपासून सगळं भडाभडा बाहेर पडलं. त्यांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले.

"सकाळी जाग येताना कधी ताठरता असते?"

"असते कधीकधी," मी टेबलाला सांगितलं.

"मग शरीर बहुतेक ठीक आहे. काळजीनं झोप गेली, दोन्हींमुळे हे झालं, आणि आता याचीच काळजी. समुपदेशकांकडे पाठवते. बायकोला माहीत आहे?"

"तिला काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

गिऱ्हाइकाला तासभर पटवणारा मी, सुट्टीच्या दुपारी गादीच्या माझ्या काठावर बसून चार वाक्यं बोलताना तांब्याभर पाणी प्यायलो. ती पलीकडच्या काठावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हणजे मी नकोशी नाही झाले?"

"अगं, असं कधी म्हणालो मी?"

"म्हणायला कशाला हवं? सारखा मोठी गादी आणत होतास. मला वाटलं, तुला माझ्यापासून लांब झोपायचंय. मी आपली सरकत राहिले." आणि ती रडायला लागली.

मला स्वतःचा भयंकर राग आला. तिच्यापर्यंत पोचायला रांगत जावं लागलं, त्यात तोल जाऊन घड्यांवरच तोंडघशी पडलो. ती रडता रडता हसली. मला माफी मागायची होती, पण तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि वाक्य अर्धं असतानाच मला झोप लागली.

जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी ती हलली नव्हती.